महाविद्यालयाच्या प्रसिद्धीचे काम हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यासाठी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनी मला बोलावून सांगितले, “या वर्षी शिबिराच्या प्रसिद्धीचं तू बघायचं.” त्या कामासाठी माझ्या हाती आले ते एवढेच: इन्स्टाग्रामच्या खात्याचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी आणि जुन्या कात्रणांची एक फाईल. सात दिवसांच्या हिवाळी शिबिरासाठी आम्ही ज्या गावात राहिलो, तेथील ओढ्यावर विद्यार्थी आणि ग्रामस्थ यांनी मिळून दोन दिवसांत वनराई बंधारा घातला. त्या रात्री शाळेच्या व्हरांड्यात बसून मी बातमी लिहिली, तालुक्याच्या वार्ताहरांना पाठवली आणि दोन दिवसांनी ती छापून आली. सकाळी आठ वाजता सरांना सरपंचांचा फोन आला. गावाचे नाव बरोबर होते, पण त्यापुढे ‘बुद्रुक’च्या जागी ‘खुर्द’ छापले गेले होते. ती चूक वृत्तपत्राची नव्हती. मी पाठवलेल्या बातमीतच तसे लिहिलेले होते.

एकाच नावाची दोन गावे शेजारी असणे महाराष्ट्रात नवे नाही. बुद्रुक म्हणजे थोरले आणि खुर्द म्हणजे धाकटे; दोन्ही शब्द फारसीतून आपल्याकडे आले आणि गावांच्या नावांत कायमचे बसले. ज्या माणसांनी हरभऱ्याला पाणी द्यायचे सोडून दोन दिवस आमच्याबरोबर माती वाहिली, त्यांना वर्तमानपत्रात ओढ्यापलीकडच्या गावाचे नाव वाचायला मिळाले. दुरुस्तीच्या दोन ओळी पुढे छापून आल्या, आणि समारोपाच्या दिवशी देवळासमोरच्या पारावर उभे राहून मी सर्वांची क्षमाही मागितली. परंतु त्या दिवसापासून मी एक नियम धरला की ज्याच्याविषयी मजकूर आहे, त्याने तो वाचल्याशिवाय किंवा त्याला वाचून दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायचा नाही. पुढची दोन वर्षे मी हे काम केले आणि त्यातून जी पद्धत तयार झाली, ती येथे लिहिते आहे. उदाहरणे बहुतेक शिबिरातलीच आहेत, पण स्नेहसंमेलन, रक्तदान शिबिर, ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धा किंवा युवक महोत्सव यांपैकी कोणत्याही कार्यक्रमाला ही पद्धत लागू पडते.

पहिला आठवडा ऐकण्याचा

जबाबदारी मिळाली की आपण त्याच संध्याकाळी खात्याचे बोधचिन्ह आणि रंग बदलायला बसतो. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की पहिला आठवडाभर काहीही प्रसिद्ध करू नये आणि तो वेळ महाविद्यालयात फिरण्यासाठी ठेवावा. जनसंपर्क या शब्दातला ‘जन’ म्हणजे नेमके कोण, हे आधी ठरले पाहिजे. विद्यार्थी तर आहेतच; पण पालक, शिक्षक, कार्यालयातील लिपिक, ग्रंथालयातील परिचर, फाटकावरचे सुरक्षारक्षक, माजी विद्यार्थी, महाविद्यालयाच्या भिंतीला लागून राहणारे रहिवासी, शिबिराचे गाव आणि तालुक्याचे वार्ताहर हे सगळेच त्यात येतात, आणि प्रत्येकाला महाविद्यालयाकडून वेगळी माहिती हवी असते.

रोज अर्धा तास कार्यालयाच्या खिडकीपाशी उभे राहावे, आणि येणारा प्रत्येक जण काय विचारतो ते वहीत जसेच्या तसे, त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. मी सहा दिवस हे केले आणि वहीची नऊ पाने भरली. सर्वाधिक प्रश्न महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयी आणि त्यासाठी लागणाऱ्या दाखल्यांविषयी होते, त्याखालोखाल एस.टी.च्या सवलतीच्या पाससाठी लागणारे बोनाफाईड आणि परीक्षेचा अर्ज विलंब शुल्काशिवाय भरण्याची शेवटची तारीख. नंतर मी आमच्याच खात्यावरील मागच्या चार महिन्यांचा मजकूर उघडून पाहिला. जयंत्यांच्या शुभेच्छा, पाहुण्यांचे स्वागत आणि सत्काराची छायाचित्रे भरपूर होती, परंतु खिडकीपाशी रोज विचारल्या जाणाऱ्या एकाही प्रश्नाचे उत्तर तेथे नव्हते.

म्हणून आमचा पहिला मजकूर बोनाफाईडविषयी होता: अर्ज कोणत्या खिडकीत द्यायचा, किती ते किती वाजेपर्यंत, सोबत काय आणायचे, आणि दाखला किती दिवसांनी मिळतो. त्यात एकही छायाचित्र नव्हते. तरीही वर्गावर्गांच्या व्हॉट्सॲप समूहांत मुलांनी तो स्वतःहून पुढे पाठवला, आणि लिपिक काकांनी आठवड्याभराने सांगितले की खिडकीत डोकावून तेच ते विचारणारे कमी झाले आहेत. कामाचा आरंभ अशा एखाद्या प्रश्नापासून केला, तर पुढे शिबिराची किंवा नाटकाची बातमी दिल्यावर लोक ती वाचतात, कारण या खात्यावर उपयोगाचे काही मिळते अशी सवय त्यांना लागलेली असते.

परवानगी, पासवर्ड आणि उत्तरदायित्व

हा भाग कंटाळवाणा असला तरी टाळू नये. खाते महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर उघडलेले असावे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या ई-मेलवर किंवा मोबाईल क्रमांकावर उघडलेले खाते तो पदवी घेऊन गेला की त्याच्याबरोबर जाते. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावावी, आणि एक विद्यार्थी व एक शिक्षक अशा दोघांकडे प्रवेश असावा. कोणता मजकूर विद्यार्थी स्वतः टाकू शकतो आणि कोणत्या मजकुराला प्राचार्यांची किंवा कार्यक्रम अधिकाऱ्यांची परवानगी लागते, हे एका कागदावर लिहून त्यावर प्राचार्यांची सही घ्यावी. आमच्याकडे कार्यक्रमांची माहिती विद्यार्थी देत असे. शुल्क, परीक्षा, प्रवेश, शिस्त आणि आरोग्य या पाच विषयांवरील एकही ओळ परवानगीशिवाय जात नसे. परवानगीला वेळ लागतो ही खरी अडचण आहे, म्हणून त्याच कागदावर “दुपारी तीनपर्यंत दिलेल्या मजकुरावर त्याच दिवशी निर्णय” असेही लिहून घेतले होते. त्या एका ओळीने पुढचे अनेक हेलपाटे वाचले.

वृत्तपत्रासाठी बातमी लिहिताना

मराठी महाविद्यालयांतून निघणारी बातमी बहुधा एका ठरलेल्या साच्याची असते. माझ्या फाईलमधील एका जुन्या बातमीचे पहिले वाक्य असे होते: “महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना विभागाच्या वतीने आयोजित सात दिवसीय विशेष हिवाळी शिबिराचा समारोप मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला.” त्यानंतर मंचावरील अकरा जणांची नावे पदांसह होती, आणि शेवटच्या परिच्छेदात, सूत्रसंचालन व आभार यांच्या अगदी आधी, शिबिरात बंधारा बांधल्याचा उल्लेख होता. वार्ताहराला जागेअभावी बातमी कापावी लागली, तर तो शेवटचा परिच्छेद कापतो. म्हणजे गावात जे प्रत्यक्ष घडले, तेच सर्वांत आधी गळून जाते.

त्याच स्वरूपाची बातमी पुढच्या वर्षी आम्ही अशी सुरू केली: “गावाच्या उत्तरेकडील ओढ्यावर ५० विद्यार्थी आणि ३२ ग्रामस्थांनी दोन दिवसांच्या श्रमदानातून ४१२ पोत्यांचा वनराई बंधारा बांधला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ती शिवून एकावर एक रचण्यात आली असून, अडलेल्या पाण्याचा उपयोग ओढ्याकाठच्या विहिरींना आणि जनावरांना होईल, असे ग्रामस्थांनी सांगितले.” यात पोत्यांची संख्या आहे, कारण दोन विद्यार्थिनींना फक्त पोती मोजण्याचे काम दिले होते. “होईल” या भविष्यकाळी विधानाला “ग्रामस्थांनी सांगितले” अशी जोड आहे, कारण विहिरींना पाणी वाढेल हे आम्ही मोजलेले नव्हते. मान्यवरांची नावे दुसऱ्या परिच्छेदात, आणि तीही तीनच. ज्यांची नावे गाळली, त्यांची सगळी नावे महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात येतील असे सरांनी आधीच सांगून ठेवले, त्यामुळे कोणाचा रुसवा राहिला नाही. अशी बोलणी बातमी पाठवण्यापूर्वी व्हावीत. नंतर केलेला खुलासा कोणालाही पटत नाही.

बातमी युनिकोड देवनागरीत टाईप करून ई-मेलच्या मजकुरातच चिकटवावी. जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली फाईल समोरच्या संगणकावर अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दाखवू शकते, आणि कागदाचे छायाचित्र काढून पाठवले तर वार्ताहराला सगळा मजकूर पुन्हा टाईप करावा लागतो. छायाचित्र वेगळे जोडावे, ते व्हॉट्सॲपवरून दाबून लहान झालेले नसावे, आणि त्याखाली डावीकडून कोण उभे आहे ते पूर्ण नावांनिशी लिहावे. वेळेचेही भान हवे. तालुक्याचे वार्ताहर बहुतेकदा शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळून बातम्या देतात, आणि जिल्ह्याचे पान रात्रीच्या बरेच आधी बंद होते. त्यांना एकदा प्रत्यक्ष भेटून त्यांची वेळ विचारून घ्यावी. आमच्या वार्ताहरांची वेळ संध्याकाळी पाचची होती आणि आम्ही ती कधीही चुकवली नाही.

नावांच्या पडताळणीसाठी मी जे करत असे, ते सांगते. बातमी पूर्ण झाली की त्यातील प्रत्येक विशेषनाम वेगळ्या कागदावर उतरवायचे: गाव, तालुका, जिल्हा, व्यक्ती, पद, संस्था. मग तो कागद घेऊन त्या त्या माणसाकडे जायचे आणि “हे असेच लिहिता ना?” असे विचारायचे. आडनावात ‘ळ’ आहे की ‘ल’, ‘शिंपी’ की ‘शिंपि’, सरपंच की उपसरपंच, हे तेथे कळते. या फेरीला वीस मिनिटे लागतात. बुद्रुक आणि खुर्द यांतला फरक मला या वीस मिनिटांत कळला असता.

शासकीय पातळीवर हे काम कसे चालते हे पाहायचे असेल, तर जिल्हा माहिती कार्यालयाला जरूर भेट द्यावी. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाची ही कार्यालये जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, आणि ‘लोकराज्य’ हे मासिक त्याच महासंचालनालयाकडून निघते. ज्यांना पुढे याच क्षेत्राचे शिक्षण घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजेच पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग, अनेकांना ठाऊक असतो. भारतीय जनसंपर्क संस्थेची स्थापना १९५८ ची असून देशात २१ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय जनसंपर्क दिन म्हणून पाळला जातो. त्या सुमारास होणाऱ्या व्याख्यानांना विद्यार्थ्यांनी जावे, कारण तेथे कंपन्या, महापालिका आणि रुग्णालये यांच्यासाठी हेच काम करणारी माणसे भेटतात.

समाजमाध्यमांवरील मजकूर

एकच मजकूर सगळीकडे टाकण्याचा मोह आवरावा. आमच्या महाविद्यालयात विद्यार्थी इन्स्टाग्रामवर, पालक आणि ग्रामस्थ व्हॉट्सॲपवर, तर माजी विद्यार्थी मुख्यतः फेसबुकवर होते. पालकांना मुलगी किती वाजता परत येईल हे हवे असते, माजी विद्यार्थ्यांना जुन्या इमारतीसमोरचे छायाचित्र हवे असते, आणि विद्यार्थ्यांना आपला मित्र दिसला पाहिजे असतो.

रक्तदान शिबिराचे उदाहरण घेऊ. “रक्तदान हेच श्रेष्ठदान” हे वाक्य आणि थेंबाचे चित्र दरवर्षी निघते, पण पहिल्यांदा रक्त देऊ पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलीला जे विचारायचे असते, ते त्यावर नसते. तिला हवे असते ते असे: वय १८ पूर्ण हवे, वजन किमान ४५ किलो हवे, हिमोग्लोबिन तेथेच तपासतात आणि ते १२.५ पेक्षा कमी भरल्यास रक्त घेत नाहीत, उपाशीपोटी यायचे नाही, ओळखपत्र आणायचे, आणि नंतर थोडा वेळ बसून चहा-बिस्किटे घेऊन मगच निघायचे. आम्ही हा मजकूर रक्तपेढीच्या डॉक्टरांना दाखवून घेतला आणि मग टाकला. वजनामुळे किंवा हिमोग्लोबिनमुळे परत जावे लागण्यात कमीपणा नाही, हे वाक्य डॉक्टरांनी स्वतः त्यात घालायला सांगितले. मला ते सगळ्या मजकुरातील सर्वांत मोलाचे वाटते.

दिनांक, वार, वेळ, स्थळ आणि संपर्क या गोष्टी चित्रात असल्या तरी खालच्या मजकुरातही टाईप कराव्यात. चित्रातील अक्षरे शोधात सापडत नाहीत, आणि दृष्टिहीन विद्यार्थी मोबाईलकडून मजकूर वाचून घेतो तेव्हा चित्रातले शब्द त्याच्यापर्यंत बहुधा पोहोचत नाहीत. इन्स्टाग्रामवर चित्राला पर्यायी मजकूर लिहिण्याची सोय आहे. तेथे “वनराई बंधाऱ्यावर साखळी करून घमेली पुढे देणारे विद्यार्थी” एवढे लिहिले तरी पुष्कळ होते. वार आणि तारीख कॅलेंडरवर ताडून पाहावे. तारीख बरोबर आणि वार चुकीचा असलेली भित्तिपत्रके मी दोन वर्षांत चार वेळा पाहिली.

अक्षरांकडे थोडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी मनापासूनची विनंती आहे. अनेक देवनागरी फाँट हिंदी वळणाचे असतात. त्यातला ‘ल’ आणि ‘श’ मराठी डोळ्याला परका वाटतो. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ रूढ आहे. गूगलच्या मोफत फाँटसंग्रहात टायरो देवनागरी मराठी हा फाँट आहे, तसेच मुंबईच्या एक टाईप या संस्थेचे मुक्त आणि बालू हे फाँटही आहेत. काही संपादन प्रणाली जोडाक्षरे तोडतात, आणि ‘विद्यार्थी’ या शब्दात द आणि य सुटे पडून मध्ये पाय मोडलेला ‘द्’ दिसतो. म्हणून चित्र तयार झाल्यावर ते मोबाईलच्या छोट्या पडद्यावर, हाताच्या अंतरावरून, एकदा शब्द न शब्द वाचावे. उभ्या चित्रासाठी १०८० बाय १३५० आणि रीलसाठी १०८० बाय १९२० हे माप धरले की कडेची अक्षरे कापली जात नाहीत.

बंधाऱ्याची रील आम्ही चाळीस सेकंदांची केली. तिच्यात एकही भाषण नव्हते. पहाटे ओढ्यावरचे धुके, फावड्याचा मातीत जाण्याचा आवाज, हातोहात पुढे सरकणारी घमेली, पोते शिवणाऱ्या काकूंच्या हातातली दाभण, आणि शेवटी बंधाऱ्यामागे हळूहळू चढत जाणारे पाणी. त्या पाण्यासाठी एक विद्यार्थी एकाच जागी मोबाईल धरून पाऊण तास बसला होता. चित्रपटातले गाणे लावायचे नाही हे आधीच ठरवले होते, कारण संस्थेच्या खात्यावर दुसऱ्याचे गीत परवानगीशिवाय वापरणे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात बसत नाही, आणि व्यावसायिक खात्यांना गाणी तशीही मर्यादितच मिळतात. त्याऐवजी गावातल्या एका आजींनी म्हटलेल्या जात्यावरच्या दोन ओव्या त्यांची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित केल्या आणि त्यांचे नाव रीलवर दिले. ऐकू न येणाऱ्यांसाठी, आणि आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठीही, ओव्यांचे शब्द खाली लिहिले.

छायाचित्रे आणि संमती

त्याच आजींचे छायाचित्र काढताना मी मोबाईल वर केला, तेव्हा त्यांनी हात पुढे करून मला थांबवले. “थांब गं पोरी, पेपरात देणार असशील तर पदर नीट घेऊ दे.” त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, ओटीवरचे रिकामे पातेले बाजूला सरकवले, सुनेला हाक मारून नातवाला कडेवर घेतले आणि मग म्हणाल्या, “आता काढ.” संमती म्हणजे काय हे मला कोणत्याही व्याख्येपेक्षा तेथे अधिक नीट कळले. चित्रातल्या माणसाला आपण कसे दिसावे हे ठरवायला वेळ मिळाला पाहिजे, आणि चित्र कोठे जाणार हे त्याला आधी माहीत असले पाहिजे.

व्यवहारात यासाठी तीन वाक्ये पुरतात: चित्र कशासाठी काढतो आहोत, कोठे प्रसिद्ध होईल, आणि नको असेल तर कोणाला सांगायचे. गावातील शाळेची मुले चित्रात येतात तेव्हा अधिक जपावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली असून तिच्या माहितीसाठी पालकांची संमती अपेक्षित आहे. आम्ही मुख्याध्यापकांमार्फत पालकांची सही घेत असू, आणि जेथे ती मिळाली नाही तेथे मुलांची पाठमोरी चित्रे घेतली. मदत घेणाऱ्या माणसाचे हात पसरलेले चित्र कधीही देऊ नये.

आणखी एक गोष्ट मुलींच्या सुरक्षिततेची आहे. भित्तिपत्रकावर विद्यार्थिनी-प्रतिनिधींचे खासगी मोबाईल क्रमांक छापण्याची पद्धत अजूनही दिसते, आणि त्यानंतर रात्री-अपरात्री येणारे फोन त्या मुलींना महिनोन् महिने सोसावे लागतात. महाविद्यालयाचा एक स्वतंत्र क्रमांक किंवा नोंदणीचा दुवा द्यावा. व्हॉट्सॲपच्या समूहात प्रत्येकाचा क्रमांक इतरांना दिसतो. २०२३ मध्ये सुरू झालेल्या वाहिनीच्या सोयीत तो दिसत नाही. सर्वांसाठीच्या सूचनांकरिता म्हणून वाहिनीच वापरावी.

तक्रारी आणि अडचणीचा दिवस

खात्यावर येणाऱ्या प्रश्नांना दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी उत्तर द्यावे. पिण्याच्या पाण्याविषयी किंवा कँटीनविषयी कोणी तक्रार लिहिली, तर ती पुसू नये. संबंधितांना कळवून “कळवले आहे, शुक्रवारी सांगतो” असे लिहावे आणि शुक्रवारी खरोखर सांगावे. शिवीगाळ आणि बदनामी काढून टाकावी, पण त्याची प्रत सरांकडे ठेवावी. रॅगिंगची किंवा लैंगिक छळाची तक्रार मात्र प्रसिद्धी पाहणाऱ्या विद्यार्थ्याने स्वतः हाताळायची नसते. ती तत्काळ रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा अंतर्गत तक्रार समितीकडे द्यावी, तक्रारदाराचे नाव कोठेही येऊ देऊ नये, आणि १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदत क्रमांक खात्यावर वर्षभर ठळक ठेवावा. संस्थेची प्रतिमा जपण्यासाठी अशी तक्रार दाबण्याचे काम कोणी सांगितले, तर ते करू नये.

अडचणीचा दिवस आमच्या दुसऱ्या शिबिरात आला. पाचव्या दिवशी सकाळी दोन विद्यार्थ्यांना उलट्या झाल्या, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले, आणि दुपारी बाराच्या सुमारास एका पालकसमूहात “शिबिरात विषबाधा” असा संदेश फिरू लागला. अर्ध्या तासात सरांना सतरा फोन आले. आम्ही आधी त्या दोघांच्या घरी फोन केला; त्यांच्याशी बोलणे झाल्यावरच पुढचा संदेश सर्व पालकांना पाठवला: “आज सकाळी सात वाजता दोन विद्यार्थ्यांना उलट्या झाल्या. त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले असून डॉक्टरांनी तपासून ओ.आर.एस. दिले आहे. दोघेही शुद्धीवर असून बोलत आहेत. त्यांच्या पालकांशी बोलणे झाले आहे. इतर ४८ जणांना त्रास नाही. कारण अद्याप समजलेले नाही. पुढची माहिती दुपारी चार वाजता देऊ.” चार वाजता नवे काही कळलेले नव्हते, तरीही आम्ही संदेश पाठवला आणि तसेच लिहिले. संध्याकाळी दोघे शिबिरात परतले आणि फोन थांबले. “घाबरण्याचे कारण नाही” हे वाक्य त्या दिवशी आम्ही एकदाही लिहिले नाही. पालकांना दिलासा मिळतो तो वेळ, ठिकाण आणि डॉक्टरांचे म्हणणे कळल्यावर.

या पद्धतीचे मूळ जुने आहे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळून पन्नासहून अधिक प्रवासी मरण पावले. अपघात शक्य तितका लपवावा, अशीच तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची रीत होती. पूर्वी पत्रकार असलेले आयव्ही ली त्या वेळी पेनसिल्व्हेनिया रेल्वेसाठी काम करत होते. त्यांनी कंपनीला घडलेली हकीकत स्वतःहून लिहून वृत्तपत्रांना द्यायला लावली आणि पत्रकारांना अपघातस्थळी नेण्याची व्यवस्था केली. ते निवेदन पहिले प्रसिद्धिपत्रक मानले जाते. म्हणजे आज स्वागत-सत्कारांसाठी वापरला जाणारा हा लेखनप्रकार सुरू झाला तो एका दुर्घटनेची खरी माहिती देण्यासाठी, आणि विद्यार्थ्याने तो शिकताना ही गोष्ट लक्षात ठेवावी असे मला वाटते.

कामाची वही

पसंतीचे आकडे रोज पाहण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा ते उतरवून घ्यावेत आणि शेजारी दुसरे आकडे लिहावेत: रक्तदानाला किती जण आले, त्यातले पहिल्यांदा देणारे किती, त्यांना कोठून कळले, कार्यालयात तेच प्रश्न अजून येतात का. आमच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या रीलमुळे शिबिराला एकही नवे नाव आले नव्हते, आणि बारा नवी नावे आली ती वर्गावर्गांत जाऊन, राष्ट्रीय सेवा योजनेतले दोन वर्षांतले २४० तास काम म्हणजे प्रत्यक्षात काय, हे समजावून सांगितल्यावर. पुढच्या वर्षी आम्ही रील केली, पण वर्गांतल्या फेऱ्या दुप्पट केल्या.

हे सगळे एका जाड वहीत असावे. प्रत्येक बातमीची प्रत, छापून आलेले कात्रण, दोन्हींतला फरक, कोणाची परवानगी घेतली, कोणी काय विचारले, आणि कोठे चूक झाली. जूनमध्ये नवा विद्यार्थी आला की त्याला दोन आठवडे शेजारी बसवून काम करू द्यावे, पासवर्ड त्याच्यासमोर बदलावा, वार्ताहरांच्या घरी एकदा सोबत न्यावे आणि मग वही त्याच्या स्वाधीन करावी. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर त्या गावाचे पूर्ण नाव, तालुका आणि जिल्ह्यासह, ग्रामसेवकांकडून त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलेले आहे. त्याखाली त्यानंतरच्या प्रत्येक शिबिराच्या गावाचे नाव तसेच लिहून घेतलेले असून, पुढच्या गावांसाठी अर्धे पान कोरे ठेवले आहे.